माझ्या नावानं विकलेला सुरमा

दिव्याभोवती ज्यांना रंगीत कडं दिसतं, त्यांनी हे पुढं वाचत बसू नये. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जावं, उरलेलं आल्यावर वाचावं. मी मास्तर माणूस. आधी हुकूम सोडतो आणि मग कारण सांगतो. ही खोड एक डोळा गेला तरी गेली नाही.

उजवा डोळा पुरता गेला. डावा अर्धामुर्धा आहे, त्याच्याच जिवावर हे लिहितो आहे. ओळी वाकड्या जातात, त्याला इलाज नाही. हे दुखणं अंगावर काढू नका एवढंच मला सांगायचं आहे. पण ते मी का काढलं, आणि माझ्यापायी दुसऱ्या कुणी काढलं, हे सांगितल्याशिवाय माझ्या सांगण्याला काही किंमत नाही.

कडं

निजामाच्या अमलातली गोष्ट. राणीसावरगावच्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, मी मराठी शिकवायचो, उर्दूला मौलवीसाहेब होते. आमचं घर लिंगायताचं. सकाळी आंघोळ करून इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि समईच्या उजेडात त्याच्याकडं एकटक बघत बसायचं, ही वडिलांपासूनची रीत. एका श्रावणात असाच बसलो असताना ज्योतीभोवती गोल कडं दिसलं. आतून निळसर, बाहेरून तांबूस. डोळे चोळले, पदरानं कंदिलाची काच पुसतात तसे धोतराच्या सोग्यानं पुसले, तरी जाईना.

आईला सांगितलं. आईनं हातातलं सूप खाली ठेवून मला हातच जोडले.

"शिवाचं तेज दिसायलंय रं तुला! लय जन्माची पुण्याई लागती त्याला."

माझी बायको सुभद्रा चुलीपाशी होती. ती एवढंच म्हणाली, "तेज दिसल्यावर डोस्कं दुखत असतंय का?"

कारण डोकं दुखत होतंच. उजव्या भुवईच्या वर कुणीतरी पहार घालून बसल्यासारखं दुखायचं, उलटी व्हायची, आणि दोन-तीन तासांनी सगळं आपोआप थांबायचं. पण आईचं म्हणणं गोड होतं आणि सुभद्राचं कडू. मी गोड ते घेतलं. बातमी गावात फिरली, दोन-चार म्हातारी माणसं पाया पडून गेली. मी पडू दिलं. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं होतं.

साधू आणि फकीर

पोळ्याच्या सुमारास डाकेतून मदरशात कागद आले. 'तेजोमणी सुरमा' नावाच्या औषधाची जाहिरात. मास्तरांच्या नावानं असे कागद नेहमी यायचे, कारण खेड्यात वाचणारा मास्तरच, आणि त्यानं एकदा वाचलं की सगळ्या गावाला ऐकू जातं. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक होतं. आम्हाला मात्र तो आपला मान वाटायचा.

माझ्या कागदावर शंकराचं चित्र होतं, तिसरा डोळा उघडलेला. खाली मजकूर: हिमालयातल्या एका साधूनं मरताना ही विद्या दिली, चाकू नको, चष्मा नको, मोतिबिंदू, फूल, धुंदी, दिव्याभोवती दिसणारं कडं, चाळीस दिवसांत साफ. 'दिव्याभोवती दिसणारं कडं' हे शब्द वाचले आणि माझ्या अंगावर काटाच आला. माझं दुखणं या परक्या माणसाला कसं कळलं?

मौलवीसाहेबांना आलेला कागद उर्दूत होता. त्यावर चाँद आणि मशिदीचा मनोरा. मी तो उचलून वाचला. तिथं ही विद्या एका फकिरानं दर्ग्यात दिली होती.

मौलवीसाहेब दाढी हलवत हसले. "मास्टर, तुमना साधू दिया, हमना फकीर दिया. शीशी तो एकीच है ना!"

मीही हसलो. आम्ही दोघं इतकं हसलो की बाहेरची पोरं आत डोकावली. दोन्ही लिप्या वाचणारा त्या गावात मी एकटा. दोन्ही कागद माझ्या हातात होते. लबाडी तिथंच उताणी पडलेली होती आणि मी म्हणालो, "साधूलाही माहीत, फकिरालाही माहीत, म्हणजे दवा पक्की!" मौलवीसाहेबांनी मागवली नाही. मी मागवली.

शिशीबरोबर पथ्याचा कागद आला. वांगं, तेलकट, आंबट वर्ज्य. खाली ठळक अक्षरात: पथ्य मोडल्यास गुण येणार नाही, त्याचा दोष औषधाला देऊ नये. हे वाक्य मला फार आवडलं. कडक गुरूसारखं वाटलं.

पत्र

सुरमा थंडगार होता. घातला की डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि वाटायचं, घाण चालली. पुढं पंधरा-वीस दिवस डोकं दुखलं नाही, कडं दिसलं नाही. मी हुरळून गेलो. शिशीच्या डबीत एक कार्ड होतं: गुण आल्यास दोन शब्द लिहून पाठवा, एक शिशी भेट मिळेल.

दोन शब्द! माझ्यासारख्याला दोन शब्द लिहायला सांगणं म्हणजे हलवायाला दोन जिलब्या तळायला सांगणं. मी बोरू तासून बसलो आणि दोन पानं लिहिली. डोकं थांबलं एवढंच खरं होतं. पण एवढंच लिहिलं तर पत्राला शोभा नाही. म्हणून लिहिलं, 'अंधारात चाचपडणाऱ्या या गरीब शिक्षकास आपण नवी दृष्टी दिलीत.' अंधारात मी कधी चाचपडलो नव्हतो. वाक्य चांगलं झालं होतं, काढवेना.

कंपनीनं ते छापलं. माझं नाव, माझं गाव, आणि मी साधा मास्तर असताना 'हेडमास्तर' असं. ती चूक मी कळवली नाही. कागद खिशात घालून हिंडलो. पारावर लोक जमले की कुणीतरी म्हणायचंच, "मास्तर, ते तुमचं वाचा की!" आणि मी वाचायचो, पथ्यासकट. छापलेलं म्हणजे आमच्याकडं एक तर पोथी, नाही तर सरकारी हुकूम. खोटं छापत असतात हे कुणाला ठाऊक? आसपासच्या गावांतनं शिशा मागवल्या गेल्या. पालमहून एक म्हातारा नुसता मला बघायला आला होता.

भेटीची शिशी मी गिरजाला दिली.

गिरजा माझी धाकटी बहीण, पोखर्णीला दिलेली. तिचे यजमान संभाप्पा शेती बघायचे. दिवाळीला भाऊबिजेला आली तेव्हा ओवाळताना तबकातल्या निरांजनाकडं बघत म्हणाली, "आण्णा, मला बी कडं दिसायलंय की रे. डोस्कं बी धरतंय."

"मग रडतीस कशाला? दवा घरात हाय," मी म्हणालो. तिच्या डोळ्यांत पहिली काडी मी स्वतः फिरवली. पथ्याचा कागद दोनदा वाचून दाखवला.

निदान

महाशिवरात्रीच्या आधी एका दुपारी वर्गात फळ्यावर लिहीत असताना तीच पहार पुन्हा बसली. या वेळी ती थांबली नाही. डोळा लालभडक झाला, दगडासारखा टणक लागायला लागला. मी ओरडत होतो, भिंतीवर डोकं आपटत होतो. आई म्हणाली, "सुरमा घाला अजून." सुभद्रानं शिशी हिसकून उकिरड्यावर फेकली आणि सासूसमोर पहिल्यांदा आवाज चढवला.

"मानूस मरायलंय आन् तुमी सुरमा घालायलाव! गाडी जुंपा म्हनावं कुणालातरी."

गंगाखेडपर्यंत बैलगाडी, पुढं आगगाडी. मिशनचा डोळ्यांचा दवाखाना लांबच्या गावी होता. वाटेत पोखर्णीचं शिवार गेलं. सुभद्रा म्हणाली, "वन्संचं गाव गेलं बगा." मी मांडीवर डोकं दाबून बसलो होतो. गिरजालाही हेच होतं आहे, हा विचार तेव्हा माझ्या मनात आलासुद्धा नाही. स्वतःच्या दुखण्यात माणूस किती आंधळा होतो, याहून वेगळं मी काय सांगू?

दवाखान्यात गोऱ्या बाई डॉक्टर होत्या. पुस्तकातलं मराठी बोलायच्या.

"आपण हे वर्तुळ किती दिवसांपासून पाहात आहात?"

"श्रावणापासून."

"डोळ्यांत काही घातलेत काय?"

"नाही," मी म्हणालो. डोळ्यांत सुरम्याची काळी रेघ तशीच होती. बाईंनी कापसाच्या बोळ्यानं ती पुसली, बोळा मला दाखवला आणि खाली टाकला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी सांगितलं ते असं. डोळ्याच्या आत पाणी तुंबतं, त्या दाबानं नजर मरते. याला काचबिंदू म्हणतात. मेलेली नजर परत येत नाही. उजवा गेला. डाव्यावर शस्त्रक्रिया केली तर आहे तेवढं राखता येईल. मधे थांबायचं ते दुखणं आपल्या स्वभावानंच थांबायचं. म्हणजे ज्या गुणाबद्दल मी दोन पानं लिहिली होती, तो सुरम्याचा नव्हताच.

"पाच-सहा महिने आधी आला असता, तर दोन्ही डोळे राहिले असते," बाई म्हणाल्या. मग विचारलं, "हा रोग एकाच घरात अनेकांस होतो. आपणांस भावंडे आहेत?"

तेव्हा मला गिरजा आठवली.

वाळूच्या पिशव्या

शस्त्रक्रिया झाल्यावर दोन्ही डोळ्यांना पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि हलायचं नाही. खोकायचं नाही, हसायचं नाही. रडायचं तर अजिबात नाही. दिवस कळायचे ते कानांनी: पहाटे खराट्याचा आवाज, मग बादल्या, मग डॉक्टरीणबाईंचे बूट. शेजारच्या खाटेवर मोतिबिंदूचा एक शेतकरी होता, त्याची पट्टी माझ्याआधी सुटली. तो रोज मला खिडकीबाहेरचं सांगायचा. "मास्तर, कडुलिंबाची पानं झडायलीत. आज एक घार बसलीय." कधी काहीच नसलं तर म्हणायचा, "आज कायच न्हाई, नुसतं ऊन हाय." तेही मला गोड लागायचं. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

सुभद्रा आवारात तीन दगडांवर भाकरी करायची आणि दुधात कुस्करून मला भरवायची. भरवताना बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "पत्र लिवायची लय हौस तुमाला." मी तोंड मिटून घेतलं. मग तिनं घास तसाच धरून ठेवला, मी तोंड उघडेपर्यंत. भांडण आमचं एवढंच झालं. पण ते अजून मिटलं आहे असं मला वाटत नाही.

पट्टी बांधलेल्या अवस्थेत मी कंपाउंडरकडून पोखर्णीला कार्ड लिहून घेतलं. गिरजाला सुरमा बंद करा, मिळेल त्या गाडीनं इथं आणा, उशीर करू नका. रोज बूट वाजले की वाटायचं, आली. भीती माझ्या डाव्या डोळ्याची होतीच, पण त्या दिवसांत खरा धसका तिचा होता. पंधरा दिवस गेले. ती आली नाही. दुसरं कार्ड पाठवलं. त्याचंही उत्तर नाही.

अक्षर

चैत्रात सुटका झाली. परतताना मी गाडीतून घरी गेलोच नाही, मधेच उतरून पोखर्णी गाठली. नृसिंहाच्या देवळावरून जाताना हात जोडले आणि काय मागावं ते सुचलं नाही.

गिरजा ओसरीवर बसून तूर निवडत होती. मी समोर उभा राहिलो. ती निवडतच राहिली.

"गिरजे."

तिनं मान वर केली ती माझ्या आवाजाकडं, माझ्याकडं नाही. "आण्णा? कवा आलास? अंधारून आलंय का रं?"

दुपारचं टळटळीत ऊन होतं.

संभाप्पा आतून आले. मी कार्डांचं विचारलं. त्यांनी दोन्ही कार्डं फळीवरून काढून दिली, जपून ठेवली होती.

"आलते की. पाटलाकडून वाचून घेतलं. पर मास्तर, हे तुमचं अक्षर नव्हं. तुमचं अक्षर आमी वळखत न्हाई का? आमाला वाटलं, कुणी दुसऱ्या दवावाल्यानं तुमच्या नावानं धाडलंय. आन् ह्ये बगा," त्यांनी शंकराच्या चित्राचा कागद उलगडला, "हितं तर तुमचं नाव छापलेलं हाय."

त्या बिचाऱ्या माणसानं फसवणूक ओळखायचा प्रयत्न केला होता, आणि नेमकं खरं ते खोटं ठरवलं होतं. मी नसताना त्यानं माझ्याच सहीच्या भरवशावर आणखी तीन शिशा मागवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन दवाखान्यात गेलो. बाईंनी बराच वेळ बघितलं, मग तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून मान हलवली. दोन्ही डोळे गेले होते. गिरजाची लेक तेव्हा दोन वर्षांची होती. आज ती परकर-पोलकं घालून पाणी भरते, पण आईला तिचं तोंड ठाऊक आहे ते दोन वर्षांच्या पोरीचं.

कंपनीला मी पत्र लिहिलं. उरलेल्या डोळ्यानं, वाकड्या ओळींत, माझं नाव काढा म्हणून. उत्तरात एक शिशी आली, आपल्या थोर लोभाबद्दल आभार म्हणून. पुढच्या वर्षीच्या कागदावरही माझं नाव होतं. मी पारावर जाऊन सगळ्यांना सांगितलं की सुरमा घेऊ नका. लोकांनी ऐकून घेतलं. नंतर एकानं हळूच विचारलं, "मास्तर, कंपनीसंगट काय बिनसलं का?"

येळवस

मार्गशीर्षातली अमावास्या म्हणजे आमच्याकडं येळवस. त्या दिवशी शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करून पूजा करायची, भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकाची आंबट आंबील सगळ्यांनी मिळून रानातच घ्यायची. मागच्या येळवसाला गिरजा माहेरी आली होती. आई आता नाही. सुभद्रा वाढत होती. गिरजापुढं आली तशी गिरजानं फुलपात्रावर तळहात ठेवला.

"आंबील नगं वयनी."

"येळवसाला आंबील नगं म्हनतात व्हय?"

"पथ्य हाय."

सुभद्रा माझ्याकडं बघत पुढं गेली. जेवणं झाल्यावर सगळे आंबील शिंपायला पिकात गेले. कोपीपाशी आम्ही दोघंच उरलो. मी विचारलं, "कशाचं पथ्य गं?"

तिनं कडब्याचं एक पान बोटानं चिरलं. मग म्हणाली, "आण्णा, कुणाला बोलले न्हाई, तुला सांगते. त्या साली, सुरमा सुरू असताना, मी येळवसाला हितं आलते. आई लय मागं लागली. तिला न्हाई म्हनवंना. दोन फुलपात्रं आंबील प्याले. तू पथ्य वाचून दावलं हुतंस, दोनदा. तरी प्याले. त्येच्यानंच माजे डोळे गेले."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. इतकी वर्षं ही बाई चुलीपाशी, जात्यापाशी, लेकीची वेणी चाचपून घालताना, स्वतःला दोष देत बसली होती.

"आन् अजून पाळतीस?"

"पाळते की. न जानो, शंकराला दया आली तर."

मी तिचे दोन्ही हात धरले. "गिरजे, ऐक माझं. आंबिलीनं काय बी झालं न्हाई. त्या सुरम्यात कायच नव्हतं. मला काय नवी नजर आली नव्हती. पत्र झोकात दिसावं म्हून मी लिवलं. खोटं लिवलं. चूक माझी हाय, तुझी न्हाई."

ती हसली. माझा चेहरा चाचपून तिनं गालावरून हात फिरवला, आई फिरवायची तसा.

"माझ्या जिवाला बरं वाटावं म्हून बोलायलास."

"न्हाई गं, शंकराची आण."

"ऱ्हाऊ दे आण्णा. तू कशाला खोटं लिवशील?"

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ती रागावली. म्हणाली, माझ्या भावाबद्दल असलं मी कुणाचं ऐकून घेत नाही, तुझंही घेणार नाही.

पिकातून माणसं परत यायला लागली होती. गिरजानं पदर सावरला आणि प्यायला पाणी मागितलं. मी उठून तांब्या भरून आणला आणि तिच्या हातात दिला.